रिकाम्या गाडीचा आवाज

शाळेसमोरच्या स्पीडब्रेकरवरून पिकअप उतरली आणि माझ्या डाव्या तळपायाखाली टक झालं. आवाज म्हणावा इतकं ते मोठं नव्हतं. कानाला ते नंतर कळलं, आधी पायाला कळलं. अडकित्त्यात सुपारी क्षणभर अडते आणि मग सुटते, तेव्हा बोटांना जे लागतं तसं. कणकवलीहून आम्ही घरी मिठबावला येत होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध घालून माझ्या बाहुल्या मोठ्या केल्या होत्या, त्यामुळे काचेबाहेरचं सगळं, रस्ता, काजूची झाडं, चिऱ्यांचे गडगे, पांढऱ्या उजेडात विरघळून गेलं होतं. दिसत काहीच नव्हतं म्हणून की काय, पाय फार जागा होता. मागच्या हौद्यात आंब्याच्या रिकाम्या पेट्या एकमेकींवर आपटत होत्या, रेडिओ चालू होता, विनीत एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने शेंगदाणे खात होता. या सगळ्याच्या खाली, सगळ्यांहून वेगळं, ते टक झालं.

"विनीत, ह्यो कसलो आवाज?"

"खंयचो?"

"खाली. माझ्या पायाकडे."

"पेट्यो वाजतत गो आये. रिकाम्यो आसत."

"पेट्यो मागे आसत. ह्या पुढे वाजला."

"डॉक्टरान औषध डोळ्यांत घातल्यान काय कानात?" म्हणाला आणि हसला. माझा मुलगा हसतो तेव्हा थेट भाईंसारखा हसतो, तोंड मिटून, नुसते खांदे हलवत. भाई म्हणजे माझे यजमान. सगळा गाव त्यांना भाई म्हणायचा, मीही मनातल्या मनात भाईच म्हणायची. ते गेल्यापासून आंब्याचा धंदा विनीत बघतो. मुंबईची कंपनी सोडून आला, ही पिकअप घेतली, मोसमात आंबे घेऊन घाट चढतो आणि मोसम संपला की पुळणीवर, थेट पाण्याच्या कडेपर्यंत गाडी नेऊन रापणीची मासळी भरतो. घराकडच्या पाणंदीत गाडी वळली तेव्हा एका दगडावर चाक चढून उतरलं आणि पुन्हा टक झालं. विनीतने रेडिओचा आवाज थोडा वाढवला. मुद्दाम वाढवला असं नाही. त्याच्या आवडीचं गाणं लागलं असेल.

घरी आल्यावर पडवीत बसून राहिले. रसिकाने, म्हणजे सुनेने, चहा आणून दिला आणि डोळ्यांना उजेड लागू नये म्हणून पदर पुढे ओढून घ्यायला सांगितला. पदराच्या आत लालसर काळोख होता. पाय जमिनीवर स्थिर होते तरी डावा पाय काहीतरी येण्याची वाट बघत होता. हे मला ओळखीचं आहे, असं वाटत राहिलं. पण कुठून ओळखीचं? भाई आयुष्यभर पायी चालले नाहीतर यष्टीने गेले, गाडीची माहिती मला असायचं कारणच नव्हतं. चहा गार झाला तेव्हा आठवलं. तेव्हा ते पायाला लागलं नव्हतं, हाताला लागलं होतं.

माझं माहेर आचऱ्याचं. वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, मचव्याचे तांडेल होते. मंगळुराहून कौलं आणायचे. एका सुकतीला खाडीतलं पाणी उतरलं होतं आणि तात्या छातीभर पाण्यात मचव्याच्या मागे उभे होते. मी वर होते, सुकाणूच्या दांड्यापाशी. मला वर का घेतलं होतं कोण जाणे. कदाचित मी रडून मागे लागले असेन. तात्यांनी खाली वाकून सुकाणूला खांदा लावला आणि ते जरासं वर उचललं. मला म्हणाले, दांड्याक हात लाव, आणि दांडा हलव. मी हलवला. लाकडातून टक आलं आणि तळहातात शिरलं. "लागता काय गो हाताक?" त्यांनी खालून विचारलं. "व्हय," मी म्हटलं. "किती?" किती ते मला सांगता येईना. इतक्या लहान वस्तूला माप कुठलं? मी दोन बोटं जवळ धरून दाखवली तर ते मोठ्याने हसले. त्यांच्या मिशीवर खारं पाणी होतं. आई काठावर उभी होती. ती म्हणाली, लोहाराला बोलवा, बिजागरी बघू दे. तात्या म्हणाले, नारळ दिलो हा, आता मचवो वर ओढूचो नाय. ती आमच्या घराची रीत होती. एकदा माल भरून, गाऱ्हाणं घालून, दर्याला नारळ दिला की मचवा परत ओढायचा नाही, भरलेला माल उतरवायचा नाही. देवाला निघालो म्हणून सांगायचं आणि मग थांबायचं, हे कसं चालेल? "ह्या फेरीक चलात," तात्या म्हणाले आणि पाण्यातून बाहेर आले.

वेंगुर्ल्याच्या बाहेर दुसऱ्या एका मचव्याने त्यांना जाताना पाहिलं होतं, तेवढंच. पुढे कोणी वाऱ्याचं नाव घेतलं, कोणी खडकाचं. आई नशीब म्हणाली. सुकाणूचं नाव कोणीच घेतलं नाही, आणि सुकाणूमुळेच मचवा गेला असंही नसेल. ते कोणालाच माहीत नाही, मलाही नाही. माझ्याकडे फक्त ते टक आहे. इतक्या वर्षांत ते कुठे होतं? लग्न, बाळंतपणं, भाईंचं आजारपण, सगळ्याखाली ते तळहातात नीट मिटून राहिलं होतं आणि आता पायात उतरलं होतं. पदर बाजूला केला तर ऊन उतरलं होतं, पण माडांच्या कडा अजून धड दिसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिकअपमध्ये जाऊन बसले. विनीतला बागेत जायचं होतं. तो दारातून बघत राहिला. मग म्हणाला, "चल, तुझ्या पायाचा समाधान करून येवया." आचऱ्याच्या तिठ्यावर मितेशचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्रे, आणि पुढे सुरंगीचं झाड. सुरंगी फुलली होती. तेलाच्या, रबराच्या, तापलेल्या लोखंडाच्या वासात तो वास मिसळला होता. मितेश विनीतच्या बरोबरीचा. जाड, बडबड्या, हातातलं काम सोडून गप्पा मारायला केव्हाही तयार.

"काकी, तुमी स्वता? गाडयेची नाडी बघलास की काय?"

"आयेक आवाज येता," विनीत म्हणाला. "माका येणा नाय, तुका येवचो नाय, फक्त तिका येता."

"माझ्या घराकडे पण तसाच आसा. बायलेक आवाज येता, माका येणा नाय." दोघेही हसले. मीही हसले. हसल्यावर मी थोडी लहान झाले, असं मला वाटलं.

मितेशने मला बसायला स्टूल दिलं. गाडीच्या अंगाखाली जॅक लावला, पुढचं डावं चाक जमिनीपासून सुटं केलं, आणि दोन्ही हातांनी वरखाली धरून ते हिसडून बघितलं. चाक हललं नाही. त्याने पुन्हा हिसडलं. "घट्ट आसा. काय नाय काकी." विनीत माझ्याकडे बघत होता. मला एकाच वेळी लाज वाटली आणि इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे माझाच पाय खोटा. खोटा असू दे. म्हाताऱ्या बाईच्या पायाला काहीही लागू शकतं, त्यात कोणाचं काय जातं. उठायला हवं होतं. पण उठले नाही. पाय अजून वाट बघत होता.

"काकी उठणत नाय," मितेश म्हणाला. "थांबा, नीट बघतंय. मघाशी घाई केलंय." त्याने जॅक काढला आणि चाकाच्या आतल्या बाजूला, चाक ज्या लोखंडी हाताला धरलेलं असतं त्या हाताच्या खाली लावला. मला कळावं म्हणून त्याने सांगितलं, "असा बघा. मघाशी स्प्रिंगीचो सगळो जोर सांध्यातल्या गोळ्यार होतो. जोर आसलो काय ढिलो गोळो पण घट्ट लागता. आता वजन जॅकार घेतलंय. आता तो खरा बोलतलो." मग टायरखाली पहार घालून त्याने चाक जरासं वर उचललं.

टक.

मोकळ्यावर, भर उन्हात, सुरंगीखाली, सगळ्यांसमोर ते आलं. विनीतचं हसू तोंडावरच राहिलं. मितेशने पुन्हा उचललं, पुन्हा टक. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि त्यात मला काडीचाही आनंद झाला नाही. मला मितेश दिसतच नव्हता. खाडीच्या पाण्यात वाकलेला खांदा दिसत होता. तात्यांनी सुकाणू का उचललं होतं ते इतक्या वर्षांनी, तिठ्यावरच्या गॅरेजात, मला कळलं. वजन असेपर्यंत ढिलाई कळत नाही. वजन काढलं तरच कळते.

"खालचो बॉल जॉइंट गेलो," मितेश म्हणाला. आता तो चेष्टा करत नव्हता. "विन्या, टायर बघ, आतून खाल्लो हा. गाडी एका बाजूक ओढत आसतली."

"ओढता थोडी. माका वाटला रस्तो तसो आसा."

"ह्यो सुटलो ना, तर चाक भायर पडता. गाडी गुडघ्यार बसता. सपाटीर बसली तर बरा." घाट हा शब्द त्याने उच्चारला नाही.

दुकानातून नवा जॉइंट आणायला विनीत गेला आणि मी तिथेच बसून राहिले. तो परत आल्यावर मितेशने चाक काढलं. चाकाशिवाय गाडीची ती बाजू फार उघडी दिसत होती, बघू नये असं काहीतरी बघतोय असं वाटायला लावणारी. त्याने पिन ओढून काढली, नट सैल केला, पण गोळ्याचा दांडा गंजून आत बसला होता, सुटेना. मग बाजूने हातोड्याचे घाव. प्रत्येक घावाला माझ्या दातांत काहीतरी व्हायचं. एका घावाला तो एकदम सुटला. रबराची टोपी फाटलेली होती. आतून लालसर पाणी गळलं, आणि पाण्याबरोबर वाळू आली. बारीक, पांढरी, आमच्या पुळणीवरची वाळू. विनीतने बोटाने ती पुसली आणि बोट पँटला पुसलं. "बघा काकी," म्हणून मितेशने जुना जॉइंट माझ्या हातात दिला. "तुमच्या खुब्यात आसता ना, तसोच. वाटयेत गोळो." वाटीत बसलेला गोळा आणि त्याला दांडा. मी हात जरा तिरका केला तर दांडा आपल्या आपण एका बाजूला पडला. उलट केला, उलट्या बाजूला पडला. कडेवर झोपलेल्या पोराने मान टाकावी तसा. नव्याचा दांडा दोन्ही हातांनी जोर केला तरी जेमतेम हलत होता. लहानपणी विनीत तापाने फणफणला होता तेव्हा मी त्याला असंच खांद्यावर घेऊन बसले होते आणि त्याची मान या खांद्यावरून त्या खांद्यावर पडत होती. आता तो गाडीखाली पाठीवर पडून मितेशला पाना देत होता, आणि त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते.

उजवीकडचं चाकही मितेशने तसंच उचलून बघितलं. तिथेही टक आलं. बारीक. माझ्याशिवाय कोणी मोजलं नसतं इतकं.

"ह्यात पण आसा. पण इतको नाय. जोडीन बदलूक होये खरा तर, पण दुकानात एकच गावलो. दुसरो उद्या येतलो."

"उद्या माका माल भरूचो आसा," विनीत म्हणाला. "कोल्हापुरात परवा सकाळी सौदो."

मितेशने हात चिंधीला पुसले. थोडा वेळ चाकाकडे बघितलं. मग म्हणाला, "ह्या फेरीक चलात. सावकाश जा."

मी स्टुलावरून पडले नाही. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलंही नसेल, कारण दोघे लगेच दुसरं बोलायला लागले. ते शब्द त्याने कुठून घेतले? कुठूनच नाही. गाडी दुरुस्त करणारा कोणीही माणूस ते म्हणेल. तरी मला वाटलं, ते शब्द एवढी वर्षं खाडीच्या काठावर उभे होते. जाताना मितेश म्हणाला, "काकी, आता आवाज बंद. आणि उद्या माल भरल्यावर तर येवचोच नाय. वजन बसला काय उजवो पण गप बसतलो. रिकामी आसली काय बोलता." तो मला धीर देत होता.

घरी येताना शाळेसमोर डाव्या पायाखाली काही झालं नाही. उजवीकडून, विनीतच्या बाजूने, काहीतरी पुसट आलं. विनीत म्हणाला, "बघ, गेलो तुझो आवाज." त्याच्या पायांना काही लागत नव्हतं. त्याच्या पायात बूट होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून दारापुढच्या खळ्यात पेट्या भरत होत्या. गवताचा वास, आंब्याच्या चिकाचा वास. रसिका पेट्यांवर नाव रंगवत होती. माझ्या हाताला काम नव्हतं, म्हणून मी गवत पसरून देत होते आणि मन उजव्या चाकापाशी होतं. चाक दिसायला चाकासारखंच होतं, काळं, धुळीने भरलेलं. त्याच्या आत एक वाटी आहे आणि वाटीत वाळू आहे, हे बाहेरून कसं दिसणार? एकेक पेटी चढत गेली तशी गाडी खाली बसत गेली, चाकं अंगाखाली दडत गेली. उन्हं कलली. विनीतने अंघोळ करून पहिल्या पेटीतले आंबे पाटावर मांडले, पाट गाडीसमोर ठेवला, नारळ ठेवला, आणि हात जोडून गाऱ्हाण्याला उभा राहिला. भाईंच्या वेळेपासून, माल भाड्याच्या गाडीने जायचा तेव्हापासून, हे असंच चालतं. ही रीत माझ्या माहेरची. मी ती मुद्दाम आणली नव्हती, बोलण्याच्या लकबी याव्यात तशी ती माझ्याबरोबर आली, आणि भाईंना आवडली म्हणून राहिली.

"बा म्हाराजा, आज ह्या तुझा लेकरू माल घेवन घाट चढता हा, त्येका सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," रसिका म्हणाली.

"वाटेत काय आडमेळा आसात, इडापिडा आसात, ती दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि गाडी जशी जाता, तशीच परत येव दे रे म्हाराजा."

रसिकाने माझ्याकडे बघितलं. या शेवटच्या गाऱ्हाण्याला घरातल्या मोठ्या माणसाने व्हय म्हणायचं असतं. माझा व्हय आला नाही. रसिकानेच मग घाईघाईने म्हटलं. विनीतने नारळ फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं. आधी डाव्या, मग उजव्या.

तेवढ्यात फोन वाजला. मितेश होता. विनीतने नेहमीप्रमाणे फोन मोठ्याने बोलता ठेवला. "विन्या, दुसरो जॉइंट इलो. येतंस? पेट्यो खाली करून ये, भरलेले गाडयेक माझो जॅक पुरूचो नाय."

"भरलंय रे. गाऱ्हाणा पण झाला."

"मगे रवांदे. येताना ये." फोन बंद झाला.

"उतरव," मी म्हटलं.

"काय?"

"पेट्यो उतरव. आचऱ्याक जावन ये. मगे परत भरूया. मी भरतंय तुझ्यावांगडा."

"आये, येडी झालंस? गाऱ्हाणा घातल्यावर माल उतरवतत?"

"मी सांगतंय ना."

"तूच शिकवलंस. भाई आजारी होते, पाऊस होतो, तेवा तूच म्हटलंस, गाऱ्हाणा घातला, आता गाडी थांबवूची नाय. आठावता?" तो रागावला नव्हता. समजूत घालत होता. "आणि आज नाय गेलंय तर सौदो गेलो. ह्यो आंबो आणखी एक दिवस दम काढूचो नाय. मितेशान सांगितला ना, चलात म्हणान. सावकाश जातंय."

मी रसिकाकडे बघितलं. ती पाटावरचे खोबऱ्याचे तुकडे गोळा करत होती. म्हणाली, "आई, देवाक सांगून झाला. आता माघारी बोलाव नको. उगाच मनात येता." तिच्या आवाजातही काहीतरी होतं, पण ते तिने तुकड्यांखाली ठेवलं. मग मी काय केलं ते मला आता नीट सांगता येत नाही. मी गाडीला वळसा घालून गेले, पुढचं दार उघडलं आणि पायरीवर पाय ठेवला. मला वर चढायचं होतं. मी आत असले तर त्याला हळू जावं लागेल. मी आत असले तर पायाला कळेल. विनीत आला, त्याने माझ्या काखेत हात घातले आणि मला अलगद खाली उतरवून ठेवलं, जशी एखादी पेटी. "बस झाला आता. डोळे सांभाळ. पोचल्यावर फोन करतंय." त्याच्या हातांना आंब्याचा चीक लागलेला होता, तो माझ्या लुगड्याला लागला. त्याचं वजन किती असेल? जन्मला त्या दिवशी हातात घेतला होता तेव्हाचं मला अजून माहीत आहे.

गाडी पाणंदीतून निघाली. जड झाली होती, सावकाश, पोट सांभाळून चालणाऱ्या बाईसारखी. वळणावर माडांच्या मागे गेली. आमच्या खळ्यातून शाळेसमोरचा स्पीडब्रेकर दिसत नाही, पण ऐकू येतो. तिथून गेलेली प्रत्येक गाडी मला ऐकू येते. मी डोळे मिटले. पदराच्या गाठीत तो जुना जॉइंट होता, तो मी कालपासून फेकला नव्हता. श्वास घेतला तरी तो गाठीतल्या गाठीत कलंडत होता.

गाडीने वेग कमी केला. पुढची चाकं चढली. उतरली. मग मागची. पेट्या करकरल्या नाहीत, काही आपटलं नाही. कुठेही, कुठल्याही बाजूला, काहीही वाजलं नाही. मग घाटाच्या दिशेने आवाज लांब गेला.

रसिका माझ्या शेजारी येऊन उभी होती. तीही ऐकत होती, हे मला तेव्हा कळलं. तिने सोडलेला श्वास मला माझ्या दंडाला लागला.

"आवाज नाय ना इलो आई?" ती म्हणाली. "बरी झाली ना गाडी?"

तिचा चेहरा माझ्याकडे होता. तात्या पाण्यातून वर बघत होते तसा.

"व्हय," मी म्हटलं.